परक्या गाडीची वरात

मी आजवर जेवढी गाडी चालवली ती सगळी दुसऱ्याची. आधी वडिलांची, मग नवऱ्याच्या कंपनीची, आणि वेस्ट मांबलमला राहायला आल्यापासून इमारतीतल्या निरनिराळ्या लोकांची. आमच्या इमारतीत गाड्या पुष्कळ आणि चालवणारे थोडे. मुलं परदेशी गेलेली, गाडी खाली कापड पांघरून निजलेली, आणि आईवडील बाल्कनीतून तिच्यावर डोळा ठेवून, अशी घरं मजल्यागणिक आहेत. बॅटरी मरू नये म्हणून रविवारी सकाळी या गाड्या जरा फिरवून आणायचं काम कधीतरी माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे परक्या गाडीत बसलं की सीट किती मागे घ्यायची, ब्रेक कुठे लागतो, याचा अंदाज मला चटकन येतो. मागच्या सीटवरच्या माणसाचा अंदाज मात्र येत नाही.

तो माणूस म्हणजे तळमजल्यावरचे मामा. तंजावरच्या मराठी घराण्यातले, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते. दरबारात नेमके काय होते, हे ऐकणारा पाहून ठरतं. मला त्यांनी "छत्रचामरांचा सगळा कारभार आमच्याकडे" असं सांगितलं होतं. त्याचा अर्थ मी मनात लावला, पण बोलून दाखवला नाही. मामींनी दाखवला. "म्हणजे उन्हात राजाच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्या दोघांची मराठी फार पूर्वी गाव सोडून दक्षिणेला आलेली आहे. क्रियापदं पोथीतली, नामं तमिळ आणि हेल कावेरीकाठचा. इथे मी ती बरीचशी माझ्या मराठीत लिहिते आहे, नाहीतर दर ओळीखाली टीप द्यावी लागेल. एवढंच सांगून ठेवते की मामा स्वतःला 'आम्ही' म्हणतात आणि मला 'मुंबईबाई'. मी सांगलीची आहे हे त्यांना अनेकदा सांगून झालं. "तिरुपतीच्या पलीकडे सगळी मुंबईच," असा त्यांचा भूगोल आहे.

मामांचा एक बाणा होता: कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. शेजाऱ्याने घरी आणून पेपर दिला तरी त्याच्या घरी संध्याकाळी केळी जात. कुणी दवाखान्यात सोबत आलं की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा. बाणा मामांचा होता आणि मुरुक्कू मामींना तळावे लागत, त्यामुळे घराण्याच्या इभ्रतीबद्दल दोघांची मतं थोडी वेगळी होती. तिसऱ्या मजल्यावरची फिजिओथेरपिस्ट मुलगी मामांच्या गुडघ्याला व्यायाम देत असे. ती आत येऊन पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच मामा फी पुढे करत. "आधी घे. कर्ज ठेवून आम्ही पाय उचलत नाही," असं म्हणून मग पाय उचलत.

तर मामांच्या भाचीच्या मुलीचं लग्न निघालं. टी. नगरच्या एका कल्याण मंडपात, रविवारी सकाळी. वेस्ट मांबलमहून टी. नगर म्हणजे रेल्वेच्या रुळांच्या या बाजूकडून त्या बाजूला. स्टेशनचा पूल चढून उतरलं की झालं. पण घरातला सर्वांत वडील माणूस पूल चढून, बाजारातल्या पिशव्यांना धक्के देत, घाम पुसत मांडवात शिरणार? मामांना ते नुसतं कल्पनेतही चालेना. त्यांनी फोनवरून टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्याने अंतर पाहिलं आणि रद्द केली. दुसऱ्याने रद्द केली. तिसऱ्याने फोन करून "सर, चालत जा, लवकर पोहोचाल," असा सल्ला दिला. मामा जरीकाठी धोतर आणि इस्त्री केलेलं अंगवस्त्र घालून फाटकापाशी उभे, शेजारी मामी कांजीवरम नेसून, केसात मल्लिगैचा गजरा माळून. मुहूर्त जवळ येत चाललेला.

फिजिओ वरून हे बघत होती. ती खाली आली आणि तिने आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"अक्का चालवतील ना? मग माझी घेऊन जा, मामा. आज मला पेशंट नाहीत."

ही गाडी म्हणजे या मुलीचं दुकान होतं. घरोघरी जाऊन ती लोकांचे खांदे, कंबर, गुडघे हलते करायची. गाडीच्या डिकीत एक जडशीळ मशीन असायचं, व्यायामाचे पट्टे, मोठा रबरी चेंडू. वडील नव्हते. आई आणि ती. गाडीचे हप्ते चालू होते. तिने डिकीतलं मशीन काढून आईकडे दिलं, पुढची काच फडक्याने पुसली आणि म्हणाली, "क्लच जरा वर आहे, अक्का."

मामा मागे डावीकडे बसले, साहेब लोक बसतात तसे. मामी माझ्या शेजारी. रुळांखालच्या सबवेमधून पलीकडे गेलो, आणि रविवारच्या टी. नगरमध्ये शिरून थांबलो, हललो, थांबलो. साड्यांच्या दुकानांतली गर्दी रस्त्यावर आलेली. मागून मामा मला रस्ता सांगत होते. जो रस्ता ते सांगत होते तो एकेरी होऊन बरीच वर्षं झाली होती.

मंडपाच्या दारात रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना घडासकट केळीची झाडं बांधलेली होती. आतल्या पोर्चमध्ये नादस्वरमवाले बसले होते. फाटकावरच्या रखवालदाराने शिट्टी वाजवून मला हात केला: माणसं इथे उतरवा, गाडी मागच्या गल्लीत.

मी थांबले. "या मामा, उतरा."

"इथे? रस्त्यावर?"

"आत गाड्या नेऊ देत नाहीत."

"आम्हाला देतात," मामा म्हणाले आणि काच खाली करून त्यांनी रखवालदाराकडे नुसतं पाहिलं. निवृत्त अधिकाऱ्याच्या नजरेत काही पेन्शन शिल्लक राहते. रखवालदार बाजूला झाला.

"अगे, नको आत," मामी मला हळूच म्हणाल्या. "फाटक बघ केवढं. गाडी बघ केवढी."

पण मागून हुकूम झाला होता. मी गाडी आत घातली. तेवढ्यात पोर्चमधून एक व्हिडिओवाला कॅमेरा खांद्यावर घेऊन धावत पुढे आला आणि आमच्याकडे तोंड करून उलटा चालू लागला. गाडी थेट आत आली म्हणजे कुणीतरी मोठं असणार, असा त्याचा हिशेब. मामांनी तो ओळखला. त्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि दोन्ही हात जोडले.

"हळू, मुंबईबाई, हळू! सगळ्यांना दिसू दे!"

व्हिडिओवाला उलटा चालता चालता स्वतःच्याच वायरीत अडखळला आणि बरोबर माझ्या पुढे आला. मी डावीकडे काढली. डावीकडे खांब होता. खांब तिथे आधीपासून होता, हे मला मान्य आहे.

आवाज मोठा झाला. दिवा फुटला, बंपर मुडपला, बॉनेटला घडी पडली. मग, सगळं झालं असं वाटत असताना, खांबाला सुतळीने बांधलेली केळ घडासकट सावकाश वाकली आणि आमच्या पुढच्या काचेवर येऊन निजली. काचेला एका कडेने तडा गेला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. तमिळ लग्नात मंगळसूत्र बांधताना नादस्वरम आणि ढोल एकदम जोरात, तुटून पडल्यासारखे वाजवतात. त्याला गेट्टिमेळम म्हणतात. त्या क्षणी एखादी शिंक, भांडण, काही अशुभ आवाज कानावर पडू नये म्हणून ही योजना. पोर्चमधल्या वाजंत्र्यांनी 'कडाड' असा आवाज ऐकला आणि, सवयीची माणसं ती, लगेच गेट्टिमेळम सुरू केला. आत पाहुण्यांनी मुहूर्त लागला असं समजून मुठीतल्या अक्षता टाकल्या. भटजी ओरडले की अजून नाही, अजून नाही. नवरामुलगा, मला नंतर कळलं, त्या वेळी चहा पीत होता.

कुणालाही काही लागलं नव्हतं. मामा उतरले. अंगवस्त्र नीट केलं. आडव्या केळीकडे, मग वाजणाऱ्या ढोलांकडे पाहिलं.

"फळ आपण होऊन आमच्याकडे चालत आलं," ते म्हणाले. "शुभ आहे."

"बॉनेटही चालत आलंय तुमच्याकडे," मामी म्हणाल्या.

परत येताना गाडी मी एका दिव्यावर, एका बाजूला वाकून, उरलेल्या काचेतून बघत चालवली.  घरी आल्यावर मामांनी मंडपात मिळालेली पिवळी पिशवी, आत नारळ, विड्याची पानं, सुपारी, ड्रायव्हरच्या सीटवर मधोमध ठेवली. वाहन रिकामं परत करायचं नाही, हा त्यांचा नियम. फुटलेली गाडी परत करण्याबद्दल नियम नव्हता.

फिजिओ खाली आली. तिने पहिल्यांदा विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?" मग गाडीभोवती एक फेरी मारली. डिकी उघडली, रिकाम्या डिकीत थोडा वेळ पाहिलं, डिकी बंद केली. तिची आई बाल्कनीतून बघत होती. मी म्हणाले, जे काय लागेल ते मी भरीन. ती म्हणाली, "इन्शुरन्स आहे, अक्का," पण त्या 'आहे'मध्ये फारसा जोर नव्हता.

तो जोर काढून घ्यायला आमचे सोसायटीचे सेक्रेटरी तिथे हजर होते. प्रत्येक इमारतीत एक माणूस असा असतो, ज्याला सगळं माहीत असतं आणि त्यातलं काहीही बरोबर नसतं. ते म्हणाले, "इन्शुरन्स विसरा. चालवणारी दुसरी होती ना? एक पैसा मिळणार नाही. इन्शुरन्स मालकाच्या नावावर असतो." मग आवाज उतरवून फिजिओला म्हणाले, "तू चालवत होतीस म्हणून सांग. सगळे तसंच करतात."

भोवती जमलेल्यांनी माना डोलावल्या. फिजिओने माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं बोलायचं नव्हतं, पण सोमवारपासून ते मशीन रिक्षात मांडीवर घेऊन लांब वेळचेरीच्या पेशंटपर्यंत जायचं होतं. गॅरेजवाल्याने फोनवर फोटो बघून जो आकडा सांगितला होता, तो ऐकून तिची आई खाली आली नव्हती, घरातच खाली बसली होती.

"आम्ही खोट्याला साक्ष राहणार नाही," मामा म्हणाले.

"तुम्हाला कोण विचारतंय?" सेक्रेटरी म्हणाले.

हा वाद तिथेच मिटला, कारण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत व्हिडिओ आला. आजकाल मंडपात मोठा पडदा लावून बाहेरचं दृश्य आतल्या पाहुण्यांना दाखवतात. मामांचं आगमन मागच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी पडद्यावर पाहिलं होतं, आणि कुणीतरी ते पडद्यावरून मोबाइलवर घेतलं होतं. त्यात मामा खिडकीतून हात जोडताहेत, स्टिअरिंगशी मी आहे, तोंड वासलेलं, आणि मग केळ. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तो त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने पाठवला. तू चालवत होतीस म्हणून सांग, असा सल्ला पुन्हा कुणी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फिजिओकडून पॉलिसी मागून घेतली आणि वाचून काढली. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे कुणी न वाचलेलं बारीक अक्षर वाचायची मला सवय आहे आणि थोडी विकृत आवडही. तर तिथे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: विमा गाडीचा आहे, हाताचा नाही. मालकाच्या परवानगीने कुणीही चालवत असो, त्याचं लायसन्स त्या प्रकारच्या गाडीचं आणि चालू मुदतीचं असलं की झालं. माझं लायसन्स सांगलीचं. मुदत बघितली, बरीच शिल्लक होती. लायसन्सवरच्या फोटोत मी फार घाबरलेली दिसते, पण त्याची अट नव्हती.

दोन गोष्टी कडू निघाल्या. एक, इतकी वर्षं काही मागितलं नाही म्हणून विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट त्या मुलीची जाणार, माझी नाही. चूक माझ्या हातून झाली तरी शिक्षा गाडीच्या नावावर. दुसरी, अपघातात जिवाला काही झालं तर मिळणारी रक्कम फक्त स्वतः चालवणाऱ्या मालकाला. म्हणजे खांब बंपरबरोबर माझ्या बरगडीवरही बसला असता, तर बंपर तेवढा भरून मिळाला असता. बरगडीचं माझं मी बघायचं होतं. बाकी दारू, शर्यत, भाड्याने देणं, यांच्या मनाया होत्या. त्या मी वाचल्या आणि पुढे गेले. आमच्यात कुणी पीत नव्हतं, आणि टी. नगरमध्ये शर्यत लावणं रविवारी शक्य नाही.

"मिळेल," मी फिजिओला सांगितलं. "जे झालं ते जसंच्या तसं सांग."

तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिने कंपनीला कळवलं. गाडी गॅरेजला न्यायच्या आधी आमचा सर्व्हेयर तिथेच येऊन बघेल, असं उत्तर आलं.

सर्व्हेयर आला तो घामाने भिजलेला, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, घाईत. अशीच आणखी बरीच मोडकी वाहनं त्याला दिवसभरात बघायची होती. पार्किंगमध्ये आम्ही तिघी: फिजिओ, तिची आई, मी. आणि मामा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते 'प्रत्यक्ष साक्षीदार' होते. अंगवस्त्र लग्नातलंच होतं. तळमजल्यावरून त्यांनी स्वतःसाठी खुर्ची आणवली होती. वरच्या सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी वाळलेले पुन्हा वाळत घालत होतं.

सर्व्हेयरने फोटो काढले. मग मोबाइलवर लिहीत प्रश्न सुरू केले. सगळं तमिळमध्ये.

"गाडी तुमची? परवानगी तुम्ही दिली?"

"हो सर," फिजिओ म्हणाली.

"चालवत कोण होतं?"

"मी." मी लायसन्स पुढे केलं. त्याने फोटोकडे, माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. चांगला माणूस.

"कशासाठी नेली होती?"

"लग्नासाठी," मामा खुर्चीतून म्हणाले. "आमच्या भाचीच्या कन्येच्या. गाडी आमच्यासाठीच होती."

"बरं, सर. शेजारी म्हणून दिली. पैसे वगैरे काही नाही..." हा प्रश्नसुद्धा नव्हता. त्याचा अंगठा 'नाही'वर जवळजवळ पडला होता.

मामा उठून उभे राहिले.

"काय म्हणालात?"

"पैसे नाही दिले ना, सर?"

"आम्ही कोण आहोत याची तुम्हाला कल्पना नाही," मामा म्हणाले. वरच्या बाल्कन्यांना ऐकू जाईल असा आवाज. "आमच्या घराण्यात कुणी कुणाच्या वाहनात फुकट बसलेलं नाही. गाडीचा योग्य तो मोबदला दिलेला आहे!"

सर्व्हेयरचा अंगठा हवेत थांबला. आम्हीही थांबलो.

"किती?" त्याने विचारलं.

"दिलेलं बोलून दाखवत नसतात."

सर्व्हेयर फिजिओकडे वळला. "मॅडम, तुम्ही गाडी भाड्याने देता?"

"नाही सर! कधीच नाही!"

"सर तर मोबदला दिला म्हणतात. ही खासगी गाडी आहे. भाड्याने गेली असेल तर कंपनी या कागदाकडे बघणारही नाही. मी इथेच बंद करतो."

मला त्या क्षणी पॉलिसीतली ती ओळ आठवली, जी वाचून मी पुढे गेले होते. फिजिओच्या आईने जिन्याचा कठडा धरला. मामांना आपण काय केलं ते कळलं होतं, त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. पण वर माणसं होती. एकदा दरबारात बोललेलं मागे कसं घ्यायचं?

"मामा," मी म्हणाले, "काय दिलंत ते सांगा ना."

मामा पार्किंगच्या छताकडे बघू लागले. छताला एक पाण्याचा पाइप होता. त्यांनी तो पूर्ण तपासला.

उत्तर दारातून आलं. मामी कॉफीचे टंबलर घेऊन उभ्या होत्या.

"काय देणार आहेत? नारळ दिला," मामी सर्व्हेयरला म्हणाल्या. "मंडपात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना वाटत होते, त्यातला. आम्हाला दोन मिळाले. त्यातला लहान दिला."

वर कुणीतरी खोकलं.

"तू आत जा," मामा म्हणाले.

"जाते की. खोबरं पण जरा जून निघालं म्हणत होती हिची आई."

सर्व्हेयरने कॉफी घेतली. "नारळ भाडं होत नाही, अम्मा. पण तुम्ही सांगून चालायचं नाही. सरांनी मोबदला दिला म्हणून सांगितलंय, सरांनीच सांगायला हवं. मी जे ऐकतो ते लिहितो." आता त्याला घाई राहिली नव्हती. अधिकार हाती आला की घाम सुकतो.

"सर, बोला. पैसे दिले की नाही?"

मामांनी घसा साफ केला. "सदर वाहन," ते म्हणाले, "सन्मानपूर्वक उपलब्ध करून देण्यात आलं होतं."

"पैसे?"

"देण्याचा मानस होता."

"दिले का?"

"प्रसंग राहून गेला."

"म्हणजे, सर, ओसी?"

ओसी हा चेन्नईचा शब्द आहे. पैसे न देता बसमध्ये लटकणारी कॉलेजची पोरं, दुसऱ्याच्या डब्यातलं खाणारे सहकारी, मित्राच्या स्कूटरवर कायम मागे बसणारा मित्र, हे सगळे ओसी. तो शब्द मामांच्या तोंडून स्वतःबद्दल मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्यांबद्दल मात्र पुष्कळदा ऐकला होता.

फिजिओ मामांजवळ गेली. तिने त्यांचा हात धरला नाही, विनवणी केली नाही. ती त्यांच्या गुडघ्याशी जशी बोलते, तशी म्हणाली, "मामा, मला दुपारी वेळचेरीला जायचंय. रिक्षात ते मशीन पायावर घेऊन बसले की उतरताना माझाच पाय उचलत नाही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग सर्व्हेयरकडे. मग, हे मी विसरणार नाही, वर बाल्कन्यांकडे, एकेक करून, जणू सगळे नीट बसले आहेत ना याची खात्री करत.

"ओसी," ते म्हणाले.

नेमकी त्याच वेळी मांबलम स्टेशनाकडे जाणारी गाडी भोंगा वाजवत गेली.

"काय, सर?"

"ओसी!" मामा ओरडले. "ओसीमध्ये गेलो आम्ही! जाताना ओसी, येताना ओसी! पेट्रोलही ओसी! एक पैसा दिलेला नाही! लिहा!"

सर्व्हेयरने लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी टाळी वाजवली. त्यांना वाटलं मामांनी कुणाला तरी खडसावलं.

क्लेम मंजूर झाला. प्लास्टिकच्या भागांची किंमत जुनी म्हणून कापली, ती मी भरायला गेले तर फिजिओने भरू दिली नाही. मग तिच्या मशीनची वायर नवी आणून मी विषय मिटवला. गाडी रंगून, नवी काच लावून परत आली. डिकीत मशीन गेलं, पट्टे गेले, चेंडू गेला. तिची आई खाली येऊन बंपरला हळदकुंकू लावून गेली.

मामा बरेच दिवस फाटकापाशी दिसले नाहीत. मला वाईट वाटू लागलं होतं. गर्व उतरलेला माणूस बघायला आवडतो असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात तो शेजारी राहत असला की जिना उतरताना पाय जड होतात. मी मामींना विचारलं. "विचार करतायत," मामी म्हणाल्या. "असे ते पूर्वी फक्त निवृत्त व्हायच्या आधी बसले होते."

त्यांचा विचार पूर्ण झाला तो एका शनिवारी. मी आणि फिजिओ पार्किंगमध्ये बोलत होतो. मामा आले, ताठ, पूर्ण पोशाखात. चेहऱ्यावर मोठ्या ओझ्याखालून सुटलेल्या माणसाची शांती. सगळ्या इमारतीसमोर जे बोलायचं ते एकदा बोलून झालं होतं. आता त्याच्याहून वाईट बोलायला भाषेत शब्दच उरला नव्हता.

"उद्या आम्हाला मैलापूरला जायचं आहे," ते फिजिओला म्हणाले. "तुझी गाडी लागेल. मुंबईबाई चालवील."

"घेऊन जा की, मामा."

"मोबदला देण्याची आमची फार इच्छा आहे," मामा खेदाने म्हणाले. "पण कायद्याला चालत नाही. तुझा विमा धोक्यात येतो. तुझ्या भल्यासाठी आम्हाला ओसीमध्येच जावं लागेल."

तेव्हापासून ते असेच जातात. मैलापूर, तिरुवल्लिकेणीचं देऊळ, डोळ्यांचा डॉक्टर, एकदा नुसतीच मरीनाची हवा. इमारतीत कुणी त्यांना काही चिडवून बोललं तर ते त्याला खासगी वाहनाच्या पॉलिसीतली अट सविस्तर समजावून सांगतात, आणि माणूस पळून जातो. मुरुक्कू तळायचे मामींनी जवळजवळ बंद केले आहेत. त्यांच्या मते घराण्याने घेतलेला हा पहिला शहाणपणाचा निर्णय.

परवा मैलापूरहून परतताना काटा अगदी खाली आला होता. मी पंपावर गाडी घेतली आणि मागे वळून म्हणाले, "मामा, निदान पेट्रोल?"

मामांनी पुढे वाकून काटा पाहिला.

"पेट्रोलबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय," ते म्हणाले, "ते तू एकदा नीट वाचून सांग, मुंबईबाई. उगाच त्या पोरीचं नुकसान नको."

मी ती वाचलेली आहे. पेट्रोलबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. त्यांना हे कधी सांगायचं, ते मी आणि मामी मिळून ठरवणार आहोत.